विमा एजंट कोणाचा माणूस?



आजचा विषय फलकावर वाचून काहींना नवल वाटले असेल. वसंत ऋतूतील व्याख्याने म्हणजे संतवाङ्मय, इतिहास, नाटक, फार तर राजकारण; त्यांत हा विम्याचा एजंट कोठून आला? त्यातून बोलणारा गृहस्थ वकील नाही, विम्याच्या धंद्यातला तर नाहीच नाही. आम्ही कामगार संघटनेचे कार्यकर्ते. आमचे शाळेचे शिक्षण बेताचे. कायदा शिकलो तो कामगारांनी पिशवीतून आणलेले कागद वाचता वाचता. पण त्या कागदांत विम्याचे कागद इतक्या वेळा निघाले, की हे प्रकरण मुळापासून समजून घेतल्यावाचून गत्यंतर उरले नाही. शोध घेऊ लागलो तेव्हा दिसले, की या एका प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो केवळ कायद्याचा नसून साध्या माणसाच्या विश्वासाचा इतिहास आहे. तो आज आपल्यापुढे मांडावा, एवढाच हेतू आहे.

प्रश्न असा. कंपनीचा एजंट आपल्या घरी येतो, चार गोष्टी सांगतो, फॉर्म भरतो, पैसे नेतो. पुढे घरातला कर्ता माणूस जातो. बायको पॉलिसी घेऊन कंपनीच्या दारात उभी राहते, तेव्हा तिला उत्तर मिळते : “एजंट काय बोलला त्याला आम्ही बांधलेले नाही. त्याने काय लिहिले ते तुमच्या यजमानांनी वाचायला हवे होते. त्याच्या हाती पैसे दिले असतील, तर ते आमच्याकडे आले नाहीत.” म्हणजे धंदा मिळवून आणीपर्यंत एजंट कंपनीचा, आणि पैसे देण्याची वेळ आली की तो गिऱ्हाइकाचा! तर मग हा माणूस आहे तरी कोणाचा?

विमा ही वस्तूच विलक्षण आहे. कापड घेताना आपण ते बोटांत चोळून पाहतो, आंबा घेताना हुंगून पाहतो. विम्याच्या दुकानात माल नसतो. असते ते वचन. पैसे आज आणि पुढे दरसाल द्यायचे, आणि माल मिळायचा तो आपल्यामागे राहणाऱ्यांना. माल खोटा निघाला तर तक्रार करायला मूळ गिऱ्हाईक जिवंत नसते. मुख्य साक्षीदारच निघून गेलेला असतो. राहतो तो एजंट, आणि त्याचे पोट कंपनीवर अवलंबून. म्हणून इतर कोणत्याही व्यापारापेक्षा या व्यापारात ‘दाराशी आलेल्या माणसाचा शब्द कोणाचा’ हा प्रश्न अधिक निकडीचा आहे.

या गोष्टीचा आरंभ इंग्लंडातील कामगारवस्तीत होतो. सन १८४८ साली लंडनमध्ये प्रुडेन्शियल कंपनी निघाली. आरंभी तिचे गिऱ्हाईक मध्यमवर्गीय होते. परंतु १८५४ पासून तिने कामगारांसाठी आठवड्याच्या हप्त्याचा विमा सुरू केला. हप्ता पेनी, दोन पेनी असा. या प्रकाराला तिकडे ‘औद्योगिक विमा’ म्हणू लागले. हा विमा लोक घेत होते तो संपत्ती जमविण्यासाठी नव्हे. मेल्यावर सरकारी खर्चाने, भिकाऱ्यासारखे पुरले जाऊ नये, एवढीच त्या गरिबांची आकांक्षा होती. आपल्याकडेही म्हातारी माणसे उशाखाली ‘शेवटच्या कामाचे’ पैसे ठेवीत. त्यांतलाच हा प्रकार. कंपनीचा माणूस दर आठवड्याला गल्लीतून फिरे, दारोदार पेन्या गोळा करी आणि वहीत खूण करी. घरातल्या बाईला कंपनीचे संचालक कोण हे माहीत असण्याचे कारणच नव्हते. तिच्या लेखी कंपनी म्हणजे तो फिरता माणूस.

आता फॉर्मचा प्रश्न घ्या. फॉर्मात वीस-पंचवीस प्रश्न. आईबाप कशाने वारले, कोणते दुखणे झाले होते, अंगात काही व्यंग आहे काय. गिऱ्हाइकाला वाचता येत नसे, आले तरी ती भाषा कळत नसे. मग एजंटच लिही. फॉर्म जितका स्वच्छ तितका तो लवकर मंजूर होई, आणि मंजूर झाला तरच कमिशन मिळे. त्यामुळे ‘दमा आहे’ असे गिऱ्हाइकाने सांगावे आणि ‘प्रकृती उत्तम’ असे एजंटाने लिहावे, हे घडू लागले. फॉर्मच्या तळाशी मात्र बारीक अक्षरांत छापलेले असे, की ही उत्तरे म्हणजे कराराचा पाया असून त्यांत एकही खोटे निघाल्यास पॉलिसी रद्द. खाली सही, नाही तर अंगठा.

सन १८९२ साली इंग्लंडच्या अपील कोर्टापुढे बॉडन या माणसाचा खटला आला. विमा अपघाताचा होता. परंतु त्यात ठरलेले तत्त्व आयुर्विम्यालाही तितकेच लागू. बॉडनला एकच डोळा होता. त्याला वाचता येत नव्हते; सही तेवढी कशीबशी करता येई. एजंटाने फॉर्म भरला, आणि फॉर्मातील मजकुराप्रमाणे बॉडनने ‘मला शारीरिक व्यंग नाही’ असे कबूल केल्यासारखे झाले. समोर बसलेल्या एजंटाला तो एक डोळा दिसत नव्हता असे थोडेच आहे? पुढे अपघातात दुसराही डोळा गेला आणि माणूस पूर्ण आंधळा झाला. कंपनीने फॉर्मावर बोट ठेवले. न्यायाधीशांनी सांगितले, की एजंटाला जे ठाऊक होते ते कंपनीला ठाऊक होते. एकाक्ष माणसाशी कंपनीने जाणूनबुजून करार केला आहे; तेव्हा पूर्ण अंधत्वाची रक्कम तिने दिली पाहिजे.

हा निवाडा वाचल्यावर आपल्याला वाटेल, प्रश्न सुटला. परंतु कोर्टांची वाट अशी सरळ नसते. सन १९२९ साली त्याच अपील कोर्टापुढे न्यूजहोम बंधूंचा खटला आला. त्यांच्याकडे मोटार-बस होती. त्यांनी एजंटाला खरी उत्तरे सांगितली होती, तरी त्याने फॉर्मात खोटी लिहिली. न्यायमूर्ती स्क्रटन यांनी निकाल दिला, की दुसऱ्याचा फॉर्म भरीत असताना एजंट हा कंपनीचा माणूस राहत नाही. त्या वेळेपुरता तो गिऱ्हाइकाचा लेखनिक असतो, आणि लेखनिकाने केलेली चूक ज्याने सही केली त्याच्या माथी. पाहा कशी गंमत आहे! एजंट उंबरठ्यावर उभा असेपर्यंत कंपनीचा, आणि सतरंजीवर बसून त्याने दौत उघडली की गिऱ्हाइकाचा नोकर! पगार मात्र त्याला गिऱ्हाईक देत नाही.

अमेरिकेतही हाच झोका दिसतो, आणि तेथील दोन्ही खटले आयुर्विम्याचेच आहेत. सन १८७१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे विल्किन्सन यांचा खटला निघाला. फॉर्मात, विमा उतरविणाऱ्या बाईची आई किती वयात वारली, असा प्रश्न होता. नवराबायकोंना ते ठाऊक नव्हते. एजंटाने एका वृद्ध बाईकडे चौकशी करून काही वय लिहून टाकले. पुढे कंपनी म्हणाली, हे वय खोटे, सबब पॉलिसी रद्द. न्यायमूर्ती मिलर यांनी कंपनीला झिडकारले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की कंपन्या गावोगाव एजंट पाठवतात, त्यांच्या तोंडून धंदा वाढवितात आणि नफा खातात. त्या एजंटाला समोरचा माणूस कंपनीच समजतो, आणि तसे समजण्यात त्याची काही चूक नाही. मग नुकसानीच्या वेळी कंपनीने हात झटकायचे, हे न्यायाला धरून नाही. पण पंधराच वर्षांनी, १८८६ साली, त्याच न्यायालयाने फ्लेचर यांच्या खटल्यात उलट सूर लावला. माणसाने आपली दुखणी खरी सांगितली होती, एजंटाने खोटी लिहिली. तथापि फॉर्मची नक्कल पॉलिसीला जोडलेली होती, ती वाचून चूक कळविणे हे विमेदाराचे कर्तव्य होते, असे न्यायालयाने धरले आणि पॉलिसी फुकट गेली.

श्रोतेहो, या चार खटल्यांत विद्वत्तेची उणीव कोठेच नाही. तरीही निकाल दोन दिशांना गेले. असे का व्हावे? आम्हाला उमगलेले कारण असे : एका बाजूने पाहिले तर ‘सही करणाऱ्याने वाचावे’ हा नियम बरोबर आहे, तो नसेल तर कोणताही करार टिकणार नाही. दुसऱ्या बाजूने, ‘ज्याने माणूस पाठविला त्याने त्याची जबाबदारी घ्यावी’ हाही नियम बरोबर आहे. हे दोन नियम समोरासमोर आले की निवड करावी लागते. एकीकडे धंद्यात मुरलेली श्रीमंत कंपनी. दुसरीकडे अंगठा उठविणारा मजूर. ही विषमता डोळ्यांआड केली, की पहिला नियम जिंकतो. ती डोळ्यांसमोर ठेवली, की दुसरा.

कोर्टात जे सुटत नव्हते ते शेवटी पार्लमेंटने निदान गरिबांपुरते सोडविले. सन १९२३ साली इंग्लंडात औद्योगिक विम्याचा कायदा झाला. त्यातील एक कलम आम्ही फार मोलाचे मानतो. फॉर्म कंपनीच्या माणसाने भरला असेल, तर त्यातील चुकीच्या मजकुरावर बोट ठेवून कंपनीला पॉलिसी नाकारता येणार नाही; अर्जदाराने स्वतः महत्त्वाच्या बाबतीत लबाडी केली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे ‘लेखनिक गिऱ्हाइकाचा’ हा युक्तिवाद पेनी-हप्त्याच्या गरिबापुरता कायद्याने बंद केला. न्यूजहोमचा निकाल पुढे सहा वर्षांनी आला तो मोटारीच्या विम्यात. त्याला या कलमाचे संरक्षण नव्हते.

आता आपल्या देशाकडे वळू. कलकत्त्यास १८१८ साली निघालेली ओरिएंटल कंपनी मुख्यतः येथील युरोपियनांसाठी होती. देशी माणसाचे आयुष्य जोखमीचे, म्हणून त्याच्याकडून जादा हप्ता घ्यायचा, असा त्या काळी रिवाज. सन १८७० मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिने देशी माणसांचा विमा सर्वसाधारण दराने घेतला. पुढे स्वदेशीच्या लाटेत ठिकठिकाणी कंपन्या निघाल्या. अण्णासाहेब चिरमुले यांनी साताऱ्यासारख्या गावी ‘वेस्टर्न इंडिया’ उभी केली, हे आपल्याला अभिमानाने सांगता येते. या कंपन्यांचा एजंट हा बहुधा ओळखीचाच माणूस असे. सोयरा, शेजारी, गाववाला. त्यामुळे आपल्याकडे तर पावती मागणे हाच अविश्वास समजला जाई.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही, की या बाबतीत आपला कायदा मुळात दुबळा नव्हता. १८७२ चा कराराचा कायदा आजही आपल्याकडे चालतो. त्यातील कलम २२९ सांगते, की कामाच्या ओघात मुखत्याराला जे कळले ते धन्याला कळले असे समजावे. कलम २३७ सांगते, की मुखत्याराला अधिकार आहे असा समज धन्याने आपल्या वागण्याने किंवा बोलण्याने लोकांत पसरविला असेल, तर अधिकार नसतानाही धनी बांधला जातो. कलम २३८ सांगते, की धन्याच्या कामात मुखत्याराने केलेली फसवणूक ही धन्यानेच केल्यासारखी. ही तीन कलमे एका ओळीत ठेवली, तर आमच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच मिळाल्यासारखे आहे. पण कायद्याला फाटा देण्याची एक वाट असते. धनी आपल्या मुखत्याराशी आतल्या आत करार करतो, की ‘अमुक काम तू करायचे नाहीस’. आणि वेळ आली की तो कागद बाहेर काढतो.

विम्याचा धंदा एका सूत्रात आणण्यासाठी १९३८ चा कायदा झाला. एजंटाला परवाना लागू लागला, गिऱ्हाइकाला कमिशनातून वाटा देण्यास बंदी आली. १९५० च्या दुरुस्तीने आयुर्विम्याच्या कमिशनवर मर्यादा घातली : पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर ३५ टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के, आणि पुढे ५ टक्के. हे आकडे नीट पाहा. पॉलिसी विकण्याला ३५ आणि ती वीस वर्षे सांभाळण्याला ५! ज्या धंद्यात मोबदल्याची मांडणी अशी, तेथे माणूस नवे गिऱ्हाईक शोधीत पळणार, जुन्याच्या दारी कशाला जाईल? एजंटाच्या स्वभावाला नावे ठेवण्यापूर्वी हा हिशेब कोणी मांडला, ते पाहिले पाहिजे.

१९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला आणि आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला. त्या वेळी अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. लहानमोठ्या २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. महामंडळाने ब्रीद घेतले ते गीतेतील योगक्षेमाचे. लोकांचा पैसा लोकांच्या हाती आला, ही भावना खोटी नव्हती. त्यामुळेच पुढे खेड्यापाड्यांतील माणसाने ‘हा सरकारी विमा’ म्हणून डोळे मिटून विश्वास टाकला.

या महामंडळाच्या बाल्यावस्थेतच जबाबदारीचा एक मोठा धडा देशाने पाहिला. १९५७ साली महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले. लोकसभेत फिरोज गांधींनी तो प्रश्न लावून धरला. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी जाहीर चौकशी केली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांचे म्हणणे होते, की हा व्यवहार सचिवाने केला. छागलांनी सांगितले, की सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच आहे; खालच्या माणसाच्या आड त्याला लपता येणार नाही. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णमाचारींना मंत्रिपद सोडावे लागले. आमचा सवाल साधा आहे : जे तत्त्व दिल्लीतील मंत्र्याला लागू झाले, ते तालुक्यातील एजंटाच्या धन्याला का लागू होऊ नये?

ते लागू झाले नाही, हे १९९७ साली दिसून आले. गुजरातेतील एका गृहस्थाने प्रत्येकी पंचवीस हजारांच्या चार पॉलिसी घेतल्या होत्या. सहामाही हप्ता मार्च १९८७ मध्ये थकला, सवलतीची मुदतही टळली. जूनमध्ये एजंट येऊन हप्त्याचा चेक घेऊन गेला. चेक दुसऱ्याच दिवशी वटला. पण पैसे महामंडळाकडे गेले नाहीत. ९ ऑगस्ट रोजी ते गृहस्थ अपघातात वारले, आणि १० ऑगस्टला एजंटाने हप्ता भरला! प्रकरण राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग असे करीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. महामंडळाने १९७२ ची एजंटांची नियमावली आणि नेमणूकपत्र पुढे ठेवले. त्यांत स्पष्ट लिहिले होते, की खास अधिकार दिल्यावाचून एजंटाने महामंडळाच्या वतीने पैसे घ्यावयाचे नाहीत. न्यायालयाने ते मान्य केले. एजंटाला अधिकार नव्हता, तसा समज महामंडळाने पसरविल्याचा पुरावा नव्हता, म्हणून त्याच्या हाती दिलेला हप्ता म्हणजे महामंडळाला दिलेला हप्ता नव्हे. विम्याची रक्कम मिळाली नाही.

कंपनीच्या बाजूनेही विचार केला पाहिजे; एकतर्फी बोलणे हे आमच्या व्यासपीठावर चालेल, या व्यासपीठावर चालू नये. लाखो एजंट, त्यांतील एखाद्याने मृत्यूनंतर मागची तारीख घालून ‘हप्ता मला पोचला होता’ असे लिहून दिले, तर? त्या लबाडीचा भार अखेर बाकीच्या विमेदारांवरच पडणार. ही भीती खरी आहे. पण या प्रकरणात चेक होता, बँकेची तारीख होती, संशयाला जागा फारशी नव्हती. आणि मूळ मुद्दा निराळाच आहे. एजंट हप्ते नेतो, ही रीत गावोगाव कोणाला ठाऊक नव्हती? शाखेच्या खिडकीवर एकेक एजंट वीस वीस जणांचे हप्ते भरताना दिसे, आणि कोणी त्याचा हात धरीत नसे. पैसे येत होते तोवर रीत चालू द्यायची, आणि पैसे अडकले की नियमावली काढायची. मनाई एजंटाच्या नेमणूकपत्रात, आणि तिची शिक्षा विमेदाराच्या घरच्यांना! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती याहून निराळी काय?

सुदैवाने दोनच वर्षांनी न्यायालयापुढे दुसरे प्रकरण आले, आणि ते आमच्या कामगारवर्गाच्या अगदी जिव्हाळ्याचे आहे. पगार-बचत योजनेत मालक दरमहा कामगाराच्या पगारातून हप्ता कापतो आणि एकत्र रक्कम विमा महामंडळाकडे पाठवितो. दिल्लीच्या वीजपुरवठा संस्थेतील एका कामगाराची अशी पॉलिसी होती. संस्थेकडून हप्ते महामंडळाला पोचले नाहीत आणि कामगार वारला. महामंडळ म्हणाले, पॉलिसी बंद पडली. त्यांच्याजवळ संस्थेला लिहिलेले पत्रही होते, की हप्ते गोळा करताना मालक हा कामगारांचा मुखत्यार समजला जाईल, आमचा नव्हे. पुन्हा तोच आतला कागद! परंतु १९९९ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने विचारले ते नेमके : हे पत्र कामगाराला कोणी दाखविले? महामंडळ आणि मालक यांच्यातील करार कामगाराला ठाऊक नव्हता. त्याला दिसत होते एवढेच, की महामंडळाने हप्ते गोळा करण्याचे काम मालकावर सोपविले आहे. तेव्हा मालक हा महामंडळाचा मुखत्यार, आणि त्याच्या कसुरीचा भार महामंडळावर. २००५ साली दुसऱ्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हाच विचार पुन्हा उचलून धरला.

हा निवाडा कागदावर राहत नाही, याचा अनुभव आम्ही घेतला आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील कामगाराची विधवा आमच्या कचेरीत आली. पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा कपात होती; मालकाने सात महिने ती रक्कम पुढे पाठविलीच नव्हती. विमा कंपनीचे पत्र तीन ओळींचे : पॉलिसी बंद. नवऱ्याच्या चिठ्ठ्या तिच्याजवळ दोनच होत्या. बाकीच्या कोठे गेल्या ते तिला ठाऊक नव्हते. त्याच खात्यातील कामगारांना आम्ही सांगितले, तुमच्या चिठ्ठ्या आणा. चार दिवसांत टेबलावर ढीग पडला. सगळ्यांची कपात झालेली, कोणाचीच भरणा नाही. मग अर्ज एका विधवेचा राहिला नाही, साऱ्या खात्याचा झाला. जवळ दिल्लीचा निवाडा होताच. रक्कम मिळाली, पण मिळायला दीड वर्ष लागले, आणि त्या दीड वर्षात तिच्या थोरल्या मुलाची शाळा सुटली ती सुटलीच.

कायद्याची चाके त्यानंतरही थोडी पुढे सरकली. फॉर्मातील चुकीच्या मजकुरावर किती काळ बोट ठेवता येईल, याला १९३८ च्या कायद्याच्या कलम ४५ ने आरंभापासून मर्यादा घातली होती. दोन वर्षांनंतर कंपनीला सहजासहजी पॉलिसी नाकारता येत नसे. विमेदाराची जाणूनबुजून केलेली लबाडी सिद्ध करावी लागे. २०१५ च्या दुरुस्तीने ही मुदत तीन वर्षांची केली, मात्र तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणासाठी पॉलिसीवर शंका घेण्यास मनाई केली. त्याच दुरुस्तीने कलम ४२ मध्ये एक वाक्य घातले, की एजंटाच्या सर्व कृतींबद्दल आणि कसुरींबद्दल विमा कंपनी जबाबदार राहील आणि तिला एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल. दीडशे वर्षे जे वाक्य शोधीत होतो ते कायद्यात आले! पण नीट वाचा. त्यात दंडाचा आकडा आहे. ज्या घरचे नुकसान झाले त्याची भरपाई कशी व्हावी, याबद्दल एक शब्द नाही. दंड कितीही मोठा असो, तो विधवेच्या पदरात पडत नाही. तिला पुन्हा लोकपालाचे नाही तर ग्राहक न्यायालयाचे दार ठोठवावे लागते.

दंड आणि भरपाई यांत काय अंतर असते, हे पाहण्यासाठी आणखी एकदा इंग्लंडला जाऊ. तेथे १९८८ पासून खासगी पेन्शन योजना विकण्याची मोठी लाट आली. विमा कंपन्यांच्या विक्रेत्यांनी खाणकामगार, शिक्षक, परिचारिका अशा लोकांना गाठले आणि मालकाच्या चांगल्या पेन्शन योजनेतून त्यांना बाहेर काढून आपली योजना गळ्यात मारली. पुढे ध्यानात आले, की या लोकांचे म्हातारपण कापले गेले. परंतु १९८६ च्या वित्तसेवा कायद्याने असे ठरविले होते, की कंपनीने नेमलेल्या प्रतिनिधीच्या बोलण्याचालण्याची जबाबदारी कंपनीची. ‘तो आमच्या सांगण्याबाहेर बोलला’ ही पळवाट राहिली नव्हती. नियामकांनी कंपन्यांना जुनी दप्तरे उघडायला लावली, एकेक प्रकरण तपासायला लावले, आणि दहा लाखांहून अधिक लोकांना मिळून एक हजार कोटी पौंडांहून अधिक भरपाई द्यायला लावली. प्रत्येकाला कोर्टात जावे लागले नाही. कंपनीने आपण होऊन गिऱ्हाईक शोधून पैसे द्यायचे, असा तो क्रम होता. जबाबदारी म्हणजे काय, तर हे.

शेवटी एजंटाविषयी दोन शब्द बोलल्यावाचून आमच्याने राहवत नाही, कारण तोही आमच्याच पंक्तीतला. त्याला ठराविक पगार नाही; विकेल तेव्हा खाईल. उन्हातान्हात सायकल किंवा मोटारसायकल मारीत तो हिंडतो, वरचा अधिकारी मार्चअखेर जवळ आली की त्याच्यामागे आकड्यांचा लकडा लावतो. काहीजण लबाड असतील. पुष्कळजण गिऱ्हाइकाचा थकलेला हप्ता पदरचा भरून पॉलिसी जगवितात. या माणसाला कमिशनच्या दोरीने ओढायचे आणि तो घसरला की दोर कापून टाकायचा, यात कंपनीचे दोन्हीकडून साधते. कंपनीवर जबाबदारी टाकली म्हणजे एजंट मोकाट सुटेल असे कोणी म्हणेल. आमचा अनुभव उलट आहे. गिरणीत अपघाताची भरपाई मालकाच्या खिशातून जाऊ लागली तेव्हाच यंत्रांना जाळ्या बसल्या. तसेच येथेही. पैसे द्यावे लागतील हे कळले, की कंपनी माणूस निवडून घेईल, शिकवील, त्याच्यावर नजर ठेवील आणि त्याचा मोबदलाही शहाणपणाने ठरवील.

तोवर आपण काय करावे? फॉर्म दुसऱ्याने भरला तरी मोठ्याने वाचून घ्यावा. दुखणे असेल ते स्वतःच्या हाताने लिहावे. एजंट भाऊ असला तरी हप्ता कंपनीच्या नावाच्या चेकने किंवा थेट कंपनीच्या खात्यात भरावा, आणि पावती घ्यावी. पगारातून कपात होत असेल तर रक्कम पोचली की नाही हे युनियनने दर तिमाहीस विचारावे, चिठ्ठ्या जपाव्यात. हे सारे आपण करावेच. पण आपण सावध राहिलो नाही म्हणून धनी सुटला, हा न्याय मात्र आम्ही कधी मान्य करणार नाही. बॉडनचा एक डोळा ज्याला समोर दिसत होता तो कंपनीचाच माणूस होता, हे १८९२ साली एका न्यायाधीशाला कळले. जो ज्याचे नाव घेऊन दुसऱ्याच्या उंबरठ्यात पाऊल टाकतो, तो त्याचा माणूस. एवढी साधी गोष्ट कायद्याच्या प्रत्येक पानावर यावी, यासाठी आपल्याला अजून पुष्कळ भांडायचे आहे.